पाळी, पाणी आणि शिलाई मशीन : सोलापुरातल्या एका ताईंचे प्रकरण

हे प्रकरण लिहिताना ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. खोटे नाव देण्यापेक्षा त्यांना इथे नुसते 'ताई' म्हणते. दवाखान्यातही मी त्यांना तशीच हाक मारते.

पार्श्वभूमी

ताई ४७ वर्षांच्या. सोलापूरच्या पूर्व भागात दोन खोल्यांचे घर, वर पत्रा. यजमान टॉवेलच्या कारखान्यात मागावर, एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रात्रपाळी. घरात ७४ वर्षांच्या सासूबाई आणि कॉलेजात जाणारा २० वर्षांचा मुलगा. मुलीचे लग्न झालेले.

ताई घरीच शाळेच्या गणवेशांचे शर्ट शिवतात. कटिंग झालेले गठ्ठे घरी येतात, मजुरी डझनावर मिळते. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मार्च ते जून हा गणवेशांचा हंगाम आणि सोलापूरचा उन्हाळाही नेमका तोच. बाहेर ४३ अंश, डोक्यावर पत्रा, आणि पंखा लावला तर कापड उडते म्हणून तो हळू किंवा बंद. या महिन्यांत ताई दिवसाला नऊ-दहा तास मशीनवर बसतात.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्यांच्या गल्लीत चार दिवसांआड पाणी येते आणि वेळ ठरलेली नसते. कधी रात्री ११, कधी पहाटे ३. मोटर लावायची, बॅरल भरायचे, हंडे-कळशा भरायच्या, म्हणजे दीड तास गेला. हे काम लग्न झाल्यापासून ताईंचे.

पहिली भेट आणि माझी चूक

फेब्रुवारीत त्या आल्या त्या गुडघ्यांसाठी. "मॅडम, गुडघं धरतेत ओ. आणि झोपंची एखादी गोळी द्या." वजन ७१ किलो, उंची १५२ सेंटिमीटर, रक्तदाब १३८/८८. बाहेर बारा-तेरा जण बसलेले. मी विचारले, "पाळी नियमित आहे का?" त्या म्हणाल्या, "हाय की." मी तसे लिहून घेतले. दुखण्यासाठी मलम दिले, झोपेची गोळी दिली नाही, आणि आमच्याकडे असतो तो छापील आहाराचा कागद दिला. त्या कागदावर ओट्स होते, सॅलड होते, सकाळी ४५ मिनिटे चालणे होते.

त्या कागदाचे काय झाले ते पुढे कळले. सासूबाईंनी त्यावर पापड वाळवायला घातले होते.

मार्चच्या शेवटी ताई परत आल्या. या वेळी मुलगा घेऊन आला होता. मशीनवर असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि सुई बोटात गेली. बोट बांधताना नखे पाहिली तर पांढरीफटक. खालची पापणी ओढून पाहिली, तीही तशीच. ही पापणी फेब्रुवारीतही मला पाहता आली असती, त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.

मग मुलाला बाहेर बसवून वेगळ्या तऱ्हेने विचारले. पाळी किती दिवस चालते? आठ-नऊ. किती दिवसांनी येते? "कधी वीस, कधी दीड महिना." गाठी पडतात का? पडतात. दिवसातून किती वेळा बदलावे लागते? पहिले तीन दिवस दर तासाला. वापरायला कटिंगमधले उरलेले सुती कापड, त्यामुळे पॅड किती लागतात हा नेहमीचा प्रश्न इथे उपयोगाचा नव्हता. रात्री उठावे लागते का? "उठूनच असते मी."

त्यांच्या लेखी 'नियमित' म्हणजे 'अजून येते'. प्रश्न मी माझ्या भाषेत विचारला होता आणि उत्तर त्यांनी त्यांच्या भाषेत दिले होते.

नेमके काय चालले होते

बोलता बोलता बाकीचेही निघाले. रात्रीतून तीन-चार वेळा अंगातून वाफा येतात, मानेपासून घाम फुटतो, उशी भिजते. दिवसा चिडचिड. खोकले, शिंकले की लघवीचे दोन थेंब जातात, म्हणून सकाळी १० नंतर संध्याकाळपर्यंत पाणीच प्यायचे नाही. त्यामुळे लघवीला जळजळ.

जेवणाचे वेळापत्रक त्यांच्याकडून तासातासाने लिहून घेतले. सहाला चहा आणि दोन टोस्ट. नऊला सगळ्यांचे डबे झाल्यावर चहा. अकराला चहा. दुपारी तीनला दोन भाकऱ्या, पातळ आमटी, शेंगाचटणी. पाचला, सातला चहा. रात्री साडेदहाला जे उरेल ते. दिवसात सहा कप साखरेचा चहा, त्यातला एक दुपारच्या जेवणाला लागूनच.

तपासण्यांत हिमोग्लोबिन ८.९ निघाले. बाईला, ती गरोदर नसेल तर, १२ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. थायरॉईड ठीक. उपाशीपोटी साखर १०८, तीन महिन्यांच्या सरासरीची साखर ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. लोह कमी असते तेव्हा हा दुसरा आकडा थोडा फुगलेला येऊ शकतो, म्हणून त्याच्यावर एकट्यावर मी विसंबले नाही. कंबर ९२ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० च्या वर गेली की सावध व्हायचे असते.

रक्तक्षयाला आपण फारच सरावलो आहोत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना तो होता, महाराष्ट्रात ५४ टक्क्यांना. इतक्या जणींना आहे म्हटल्यावर तो आजार वाटेनासा होतो. "बाईमाणसाला असतंयच की" हे वाक्य मी आठवड्यातून दहा वेळा ऐकते.

पर्याय

पाळी जाण्याच्या आधीची काही वर्षे ती अनियमित होणे नैसर्गिक आहे. भारतात पाळी थांबण्याचे सरासरी वय ४६-४७ च्या आसपास, आणि सलग १२ महिने आली नाही तरच ती थांबली असे म्हणतात. पण 'या वयात असे होतेच' म्हणून इतका रक्तस्राव सोडून देता येत नाही. पंचेचाळिशीनंतर असा रक्तस्राव असेल तर सोनोग्राफी आणि गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासणे, ही पहिली पायरी. सवयी बदलणे त्याच्या नंतर येते.

घरात मात्र निर्णय झालेलाच होता. ताईंच्या जाऊबाईंची पिशवी काढलेली होती आणि त्यांनी सांगितले होते, "काढून टाक. कटकट जाती." एका ठिकाणी ताईंना तपासणीआधीच शस्त्रक्रियेचा खर्चही सांगून झाला होता. आपल्या भागात हे नवे नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, तेव्हा कुठे त्यावर उघड बोलणे सुरू झाले.

मी ताईंना समोर बसवून तीन वाटा सांगितल्या. शस्त्रक्रिया, जी काही आजारांत खरोखर लागते, पण तिच्यानंतर दोन महिने मशीन बंद, आणि अंडाशयही काढले तर पाळी एका दिवसात जाऊन हाडे आणि हृदय यांच्यावर ताण. दुसरी, गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन, जे रक्तस्रावावर चांगले चालते. तिसरी, जास्त स्रावाच्या दिवसांपुरत्या तो कमी करणाऱ्या गोळ्या, लोह भरून काढणे, आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघणे. वाफांसाठी हार्मोनच्या गोळ्यांचा विषयही निघाला. त्या गुणकारी असतात, पण रक्तस्रावाचे कारण कळायच्या आत त्या सुरू करायच्या नसतात.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. दोन सेंटिमीटरची एक छोटी गाठ दिसली, अस्तराच्या तुकड्यात वाईट काही निघाले नाही. तिसरी वाट ठरली. ताईंचे कारण सरळ होते. "जूनपर्यंत मला झोपून चालायचं नाही ओ. धरलेली डझनं कुणाला देऊ?" वैद्यकीय कारण माझ्याकडे होते, निर्णय मात्र गणवेशाच्या हंगामाने केला. दोन्ही एकाच दिशेला गेले हे आमचे नशीब.

काय केले, त्यातले काय फसले

लोहाची गोळी पहिल्याच आठवड्यात अडली. ती त्या चहाबरोबर घेत होत्या. शौचाला काळे झाले म्हणून घाबरल्या, बद्धकोष्ठ झाले म्हणून नवव्या दिवशी बंद केली. मग एक दिवसाआड केली. वेळ ठरवली सकाळी अकराची, तेव्हाचा चहा काढून त्या जागी लिंबूपाणी, साखर न घालता चिमूटभर मीठ. एक दिवसाआड घेतली तरी लोह चांगले शोषले जाते आणि पोटाला त्रास कमी. काळ्या रंगाचे काय, ते आधीच सांगायला हवे होते.

चालण्याचा पहिला प्रयोगही फसला. मी म्हटले, सकाळी साडेपाचला सिद्धेश्वर तलावाकडे जा. त्या सहा दिवस गेल्या. सातव्या दिवशी पहाटे पाणी आले. आठव्या दिवशी झोप भरून काढली. नवव्या दिवसापासून विषय संपला. आणि त्यांना वाटले आपल्यातच जिद्द नाही.

इथे मी थांबले आणि त्यांच्या दिवसाकडे पुन्हा पाहिले. दिवसात आणखी काही घालायला जागा नव्हती. आधी काहीतरी काढायला हवे होते.

काढायचे ते पाणी. मी मुलाला बोलावले. थोडे रागावूनच विचारले, की आई रात्री दोनला बॅरल भरते तेव्हा तू काय करतोस? तो म्हणाला, "मला कुणी उठवलंच नाही मॅडम." खरेच होते ते. वीस वर्षांत कुणाला सुचलेच नव्हते. पाण्याची रात्र त्याची झाली. यजमानांची दिवसपाळी असेल त्या आठवड्यात एक रात्र त्यांची. पहिल्या महिन्यात दोनदा मोटर चालू ठेवून पोरगा झोपला आणि गल्लीत पाणी वाहिले, त्यावरून शेजाऱ्यांशी वाजलेही. ताई उठून बंद करायला निघाल्या तेव्हा सासूबाईंनीच त्यांना अडवले. "त्यालाच उठव. भांडणं बी त्यालाच करू दे."

झोप थोडी जुळल्यावर बाकीचे बसत गेले. चालणे रात्री जेवणानंतर, शेजारणीबरोबर, गल्लीच्या टोकाच्या मारुतीपर्यंत चार फेऱ्या, वीस-पंचवीस मिनिटे. उन्हाळ्यात सोलापुरात त्याआधी बाहेर पडण्यात अर्थही नाही. आठवड्याला दीडशे मिनिटे चालावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ताईंची सव्वाशेच्या आसपास होतात. मी भांडत नाही.

गुडघ्यांना चालण्यापेक्षा मांड्यांच्या ताकदीचा उपयोग जास्त झाला. दर डझन शर्टांना एकदा उठायचे. हात न टेकता स्टुलावरून दहा वेळा उठ-बस, मग भिंत धरून टाचा वीस वेळा उचलायच्या, भिंतीवर तळहात टेकवून दहा वेळा ढकलायचे. तीन मिनिटांत होते. वयाच्या या टप्प्यावर स्नायू आणि हाडे दोन्ही झिजू लागतात आणि त्यांना भार लागतो, नुसते चालून तो मिळत नाही.

लघवीच्या थेंबांसाठी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम. लघवी मध्येच रोखताना जो स्नायू आवळतो तोच पाच आकडे मोजेपर्यंत आवळून ठेवायचा, सोडायचा, असे दहा वेळा. ओळखण्यापुरता तो लघवी करताना एकदा बघायचा, रोज तेव्हा करायचा नाही. सांगितले की बायका हो म्हणतात आणि विसरतात. ताईंनी स्वतःच खूण शोधली: बॉबिन भरताना. बॉबिन तर दिवसात कितीतरी वेळा भरावी लागते. मशीनजवळ दोन लिटरचा पाण्याचा कॅन ठेवला, तो संध्याकाळपर्यंत संपवायचा.

जेवणात नवे काहीच आणले नाही. कडक भाकरी राहिली, शेंगाचटणी राहिली, फक्त ती वाटीभर नाही, दोन चमचे. शेंगदाण्यात वजनाच्या चौथ्या हिश्श्याइतकी प्रथिने असतात, पण तेलही भरपूर. आमटी पातळ होती ती घट्ट केली. मोडाची मटकी किंवा हुलगे आठवड्यातून चार दिवस, दोन अंडी तीन दिवस, रात्री ताक किंवा दही. आमचे गणित असे, की रोज पन्नासेक ग्रॅम प्रथिने पोटात जावीत आणि त्यांची जेमतेम तीस जात होती. सकाळी नऊला डब्यांबरोबर स्वतःची भाकरीही खायची, तीन वाजेपर्यंत ताणायचे नाही. चहा सहाचे तीन कप, आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर नाही, कारण चहा लोह अडवतो. जेवणावर लिंबू पिळायचे, ते लोहाला मदत करते. चवाळी, शेपू, मेथी बाजारात असते तेव्हा तिचा आग्रह. दुधाला ताईंचा नकार होता, म्हणून तिळाची चटणी आणि आठवड्यातून दोनदा नाचणी.

वाफांवर माझ्याकडे जादू नव्हती. चालण्याने वाफा थांबतात असा खात्रीचा पुरावा नाही, आणि मी तसे आश्वासन दिले नाही. सुती पातळ साडी, उशाला ओला नॅपकिन, रात्रीचे तिखट आणि सातचा चहा बंद, संध्याकाळी पत्र्यावर पाणी मारणे (पाणी असेल त्या दिवशी), एवढेच.

मिश्रीचा विषय

जूनमध्ये ताईंचे तोंड तपासताना दातांच्या कडा काळ्या दिसल्या. "मिश्री लावता?" त्या हसल्या. दिवसातून चार वेळा, पंधरा वर्षांपासून. "लावल्याबिगर पोट साफ होत नाही." मी पहिल्या भेटीत तंबाखू विचारली होती आणि त्यांनी नाही म्हटले होते. मिश्री ही त्यांच्या दृष्टीने तंबाखू नव्हतीच, दात घासायची वस्तू होती. पुन्हा शब्दांचाच घोळ.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तंबाखू हाडांनाही चांगली नाही. तोंडात डाग वा जखम नव्हती. पोट साफ होण्यासाठी पाणी, भाजी आणि सकाळची भाकरी यांचा उपयोग झालाच होता, तो आधार धरून दोन वेळा कमी केली. राष्ट्रीय मोफत मदत क्रमांक १८००-११-२३५६ मुलाच्या मोबाइलमध्ये टाकून दिला. ताईंनी तो कधी लावला नाही. तीस वर्षांवरच्या सगळ्यांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत रक्तदाब, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची मोफत तपासणी असते, तिथे मात्र त्या शेजारणीला घेऊन जाऊन आल्या.

निष्पत्ती

सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.६, जुलैअखेर १२.३. साठा भरावा म्हणून गोळी त्यानंतरही तीन महिने चालू ठेवली. स्रावाच्या गोळ्या चार पाळ्यांना लागल्या, नंतर पाळीच लांबत गेली. थेंब जाणे तीन महिन्यांत जवळपास थांबले, जोराची शिंक सोडून. जानेवारीत वजन ६७.५, कंबर ८८, उपाशी साखर ९९, रक्तदाब १२८/८२. गुडघे पायऱ्या उतरताना अजून बोलतात.

वाफा रोजच्या तीन-चारवरून आठवड्याला एक-दोनवर आल्या. त्यात शांत झोपेचा भाग किती, थंडीचा किती आणि निसर्गाने आपसूक केलेला किती, हे मला सांगता येणार नाही. मेमध्ये कळेल.

संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या वेळी नंदीध्वजांच्या मिरवणुकीमागे त्या यंदा बऱ्याच लांबवर चालल्या. मागच्या वर्षी घराच्या ओट्यावरूनच हात जोडले होते.

मिश्री दिवसातून एकदा चालूच आहे.

पुन्हा असेच कुणी आले तर

'पाळी नियमित आहे का' हा प्रश्न मी टाकून दिला आहे. आता विचारते: किती वेळा बदलावे लागते, रात्री उठावे लागते का, गाठी पडतात का. तंबाखूबद्दल विचारताना मिश्री, मावा, जर्दा एकेक नाव घेते. गुडघ्यांसाठी आलेल्या बाईचीही पापणी पाहते.

छापील कागद बंद. घरातल्यांना मी मे महिन्यात बोलावले, ते मार्चमध्येच बोलवायला हवे होते. दोन महिने मी ताईंच्या जिद्दीला दोष देत राहिले आणि त्या स्वतःलाही. हंगामाच्या ऐन मध्यावर सगळ्या सवयी एकदम सुरू करणे हीही चूक होती. गोळी आणि झोप एवढेच तेव्हा धरून, व्यायाम जुलैत घेतला असता तर निम्मी ओढाताण वाचली असती. आणि तिसऱ्या वाटेने रक्तस्राव आटोक्यात आला नसता तर हार्मोनच्या साधनाकडे वळायचे, हे तीन महिन्यांच्या तारखेसह कागदावर लिहून ठेवले होते. ते मात्र बरोबर केले असे वाटते. तारीख नसेल तर 'बघू' वर्षभर चालते. सलग बारा महिने पाळी गेली आणि मग थेंबभर जरी रक्त दिसले, तरी त्याच आठवड्यात यायचे, हेही त्याच कागदावर आहे.

गेल्या महिन्यात ताई आल्या तेव्हा बरोबर जाऊबाई होत्या, ज्यांनी पिशवी काढायला सांगितले होते त्याच. त्या ४४ च्या. शस्त्रक्रिया ३६ व्या वर्षी झालेली, तेव्हापासून कंबर धरते आणि वाफा येतात. अंडाशय ठेवले होते की काढले, हे त्यांना माहीत नाही. तेव्हाचे कागद घर बदलताना गेले. त्यांची सोनोग्राफी आणि हाडांची तपासणी लिहून दिली आहे.